कमी भरलं

मे महिन्यात सोलापुरात
स्टोव्हची परीक्षा घेऊ नये.
टाकीतलं पाणीच निम्मं उकळलेलं असतं
आणि स्पिरिटची ज्योत उन्हात दिसत नाही.
गच्चीवर मी पातेल्यापुढं उकिडवा,
हातात घड्याळ.
आई जिन्यातून विचारते, काय करलालास रे?
पेटवलोय.
कुठं पेटलंय?
मी तिचा तळहात धरून वर नेतो.
हां, म्हणते. आहे की.

थंड पेयाचे दोन डबे, तळाकडून कापलेले,
एकात एक दाबून बसवलेले,
कडेनं सुईची सोळा भोकं.
कात्री आईची, विडीची पानं कापायची.
पत्र्यानं तिची धार गेली,
त्या आठवड्यात पानं दातरी निघाली
आणि कारखान्यात तिचे दोन कट्टे छाटले.
हे वजन मी कुठंच धरलेलं नाही.

धरलं ते असं:
गॅसचा जुना स्टोव्ह तीनशे बारा ग्रॅम,
डब्यांचा चौदा.
झाकण एकसष्ट. त्याच्या जागी फॉइल, सहा.
पातेल्याचे दोन्ही कान
अशोक चौकात चिप्पाच्या सायकल दुकानात
पक्कडीत आवळून कापले.
गरम झाल्यावर धरणार कशानं बे?
रुमालानं.
रुमालाचं वजन?
रुमाल तसाही खिशात असतोय.
म्हणजे खिसा तुझा नव्हे, म्हणाला चिप्पा,
आणि सायकलच्या तीन तारा वाकवून
तिवई करून दिली. पैसे घेतले नाहीत.

तराजूही आईचाच.
मापारी तंबाखू कमी भरतोय का बघायला
एका दिवाळीत मंगळवार बाजारातून घेतलेला.
तिची उमर त्या काट्यावर गेली.
आज पाच कमी, आज आठ,
एवढ्यात हजार विड्या व्हायच्या कशा,
पोकळ वळ, नाहीतर पदरची तंबाखू घाल.
पारड्यात कान कापलेलं पातेलं बघून म्हणाली,
आम्ही कमी भरलं म्हणून भांडलो,
तू कमी भरलं म्हणून हसतोस.

मला उत्तर सुचलं नाही.
रतनगडाच्या शेवटच्या शिडीवर
गुडघ्याला ग्रॅम कळतो,
हे तिला सांगायचं कसं?
तिनं चढण म्हणून पाहिलाय
तो भुईकोटाचा बुरूज.

काठ एक बोट उतरवायचा राहिला होता.
काठाखालीच नाव आहे.
वीस वर्षं माग चालवल्याबद्दल
मालकानं बापाला बोनसऐवजी दिलेलं भांडं.
कोरणाऱ्यानं मल्लय्या गड्डमचा
मलय्या गड्डम केला.
अर्धा ल आधीच वाचवलेला.
रात्रपाळीवरून आला की बाप त्यातच चहा टाकायचा,
दुरुस्त करून आणू म्हटलं तर म्हणायचा,
चहाला वाचता येत नाही.

कानस फिरत फिरत नावापाशी आली
आणि हात थांबला.
कोरणं म्हणजे तरी काय, धातू काढणंच.
नावानं भांडं जड होतं की हलकं
हे त्या तराजूला कळण्यासारखं नाही.
तेवढा तुकडा सोडून मी पुढून सुरुवात केली.

आता काठ तिथं उंच आहे.
फॉइल नीट बसत नाही,
वाफ नेमकी नावावरून जाते.
डिसेंबरात, गडावरच्या टाक्यातल्या पाण्याला
दोन मिनिटं जास्त लागतील,
तेवढं स्पिरिट जास्त न्यावं लागेल.

किती, ते आईनं मोजून दिलं.
औषधाची रिकामी बाटली पारड्यात,
पदर सावरून, श्वास धरून,
फॅन बंद करायला लावून.
नऊ ग्रॅम. काटा स्थिर झाला.
मग तिनं वरून
थोडं आणखी ओतलं.